अंगणाला झाकण लावताना...

मैत्रिणींनो, आज एक साधाच प्रश्न विचारते. आपल्या अंगणात पडलेलं पावसाचं पाणी पुढे जातं कुठं?

हाच प्रश्न मी आमच्या भिशीत विचारला, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, ‘कुठं म्हणजे काय, गटारीत!’ बरं, गटारीतून पुढे? ‘नाल्यात.’ आणि नाल्यातून? इथं मात्र सगळ्या जरा थांबल्या. नाल्यातून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात नाहीतर नदीत, आणि नदीतून पुढच्या गावाच्या नळात! म्हणजे आपल्या अंगणातलं पाणी खालच्या गावातल्या कुणाच्या तरी माठात जातं आणि वरच्या गावच्या अंगणातलं आपल्या माठात येतं.

नदीचं किंवा तळ्याचं पाणी बिघडलं की आपण दोन नावं घेतो. कारखाने आणि सांडपाणी. ती नावं खोटी नाहीत. पण तिसरंही एक कारण आहे आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. कारण त्याला वास नाही, रंग नाही, उलट ते दिसायला अगदी स्वच्छ दिसतं. ते कारण म्हणजे जमिनीवर आपण घातलेलं झाकण! अंगणातला सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी, पेव्हर ब्लॉक, काँक्रीटची गल्ली, डांबरी रस्ता, स्लॅब आणि पत्रे. गावाचं शहर होतं म्हणजे काय होतं, तर एकेक करत जमीन झाकली जाते. आणि जमीन झाकली की पाणी बिघडतं. कसं ते बघू या.

माती म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली चाळण समजा. पावसाचं पाणी मातीवर पडलं की आधी ते थबकतं. थोडं झाडं पितात, थोडं वाफ होऊन वर जातं आणि बरंचसं हळूहळू खाली झिरपतं. झिरपताना त्यातला गाळ वरच अडकतो. काही घाण मातीचे कण धरून ठेवतात, तर काही मातीतले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. खाली विहिरीच्या झऱ्याला पोचेपर्यंत पाणी निवळलेलं असतं. काळी माती भिजली की फुगते, ती पाणी सावकाश पिते. मुरमाड जमीन भराभर पिते. पण पितात दोघीही.

आता त्याच जागेवर कोबा घाला. पाणी थांबायला जागाच नाही! पडलं की धावलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने एक ढोबळ हिशेब मांडला आहे. झाडोऱ्याच्या मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पावसापैकी सुमारे १० टक्केच पाणी वरून वाहून जातं आणि जवळजवळ निम्मं जमिनीत मुरतं. तीच जमीन पाऊण भागाहून जास्त झाकली गेली, तर ५५ टक्के वाहून जातं आणि मुरतं फक्त १५ टक्के. आपला पाऊस चार महिन्यांत धो धो पडणारा, तेव्हा आपल्याकडे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पण हिशेबाची दिशा तीच.

हे आपल्या घरच्या मापात मांडून बघा. समजा एक हजार चौरस फुटांचं अंगण आहे आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तर त्या एवढ्याशा अंगणावर वर्षभरात सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आपण, पावसाळ्यात तेच टँकर गटारीत सोडून देतो.

‘अहो, पण हे तर पाणी कमी होण्याचं झालं. घाण होण्याचा काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

पहिली गोष्ट, धावणारं पाणी रिकाम्या हाताने जात नाही. रस्त्यावर सांडलेलं ऑइल, टायरची झिजलेली भुकटी, कुत्र्यामांजरांची घाण, जनावरांचं शेण, प्लास्टिक, बांधकामाचं सिमेंट, अंगणात वापरलेला साबण आणि फिनेल, हे सगळं आठ महिने फरशीवर साठत राहतं. मातीवर पडलं असतं तर त्यातलं बरंचसं तिथंच जिरलं असतं. फरशी काहीच जिरवत नाही. पहिल्या वळवाबरोबर ते सगळं एकदम ओढ्यात उतरतं. आमच्या गल्लीच्या टोकाच्या ओढ्याला पहिल्या पावसात येणारं पाणी मी दरवर्षी बघते. काळं, फेसाळ, वर ऑइलचे इंद्रधनुष्यासारखे रंग. आमच्याकडे एकही कारखाना नाही, बरं का!

दुसरी गोष्ट उष्णतेची. उन्हाने तापलेल्या काँक्रीटवरून येणारं पाणी कोमट होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मासे तर त्याच प्राणवायूवर जगतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात मुरलेलं पाणीच पुढे दिवाळीनंतर झऱ्यांतून हळूहळू ओढ्यात येत असतं. ते मुरलंच नाही, तर ओढ्याला स्वतःचं पाणीच उरत नाही. मग उन्हाळ्यात त्यात वाहतं काय? फक्त आपल्या मोऱ्यांचं सांडपाणी! तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ, यात जो फरक, तोच इथं. घाण तेवढीच असली तरी ती पातळ करायला पाणी राहिलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘पूर्वी मार्च-एप्रिलपर्यंत ओढ्यावर धुणं धुवायचो,’ असं सांगतात. आज त्याच ओढ्याच्या काठाने नाकाला पदर लावून जावं लागतं.

अमेरिकेतल्या अनेक ओढ्यांच्या अभ्यासांचा आढावा १९९४ मध्ये टॉम श्यूलर यांनी घेतला. ओढ्याला पाणी पुरवणाऱ्या परिसरापैकी साधारण दहावा हिस्सा झाकला गेला की ओढा आजारी पडू लागतो, आणि पाव हिस्सा झाकला गेला की तो बरा होणं कठीण, असा त्याचा सारांश. पाव हिस्सा म्हणजे किती कमी! आपल्या तालुक्याच्या गावातली बाजारपेठ आठवा. तिथं उघडी माती शोधावी लागते.

झाकलेल्या जमिनीचं पाणी किती विषारी असू शकतं, याची एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटल नावाचं शहर आहे. तिथं कोहो सॅल्मन जातीचे मासे समुद्रातून ओढ्यांत चढून येतात आणि अंडी घालतात. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येतात म्हणा ना! शहराने आपले ओढे मोठ्या हौसेने साफ केले, काठावर झाडं लावली. मासे परतही आले. पण शरद ऋतूत पाऊस पडला की हे मासे भोवळ आल्यासारखे गोल गोल फिरायचे आणि काही तासांत मरून पडायचे. पोटातली अंडी पोटातच. काही ओढ्यांत तर निम्म्याहून जास्त माद्या अशा गेल्या. शास्त्रज्ञ वीसेक वर्षं कारण शोधत होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते जाहीर झालं. गाड्यांच्या टायरला तडे जाऊ नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. त्याचा हवेतल्या ओझोनशी संबंध आला की त्याचं विष बनतं. टायरची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. ना कारखाना, ना सांडपाणी, नुसता रस्ता धुतलेलं पाणी!

पण या गोष्टीचा पुढचा भाग माझ्या जास्त आवडीचा आहे. या कामात जेनिफर मॅकिन्टायर नावाच्या शास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विष नेमकं कोणतं हे कळायच्या आधीच, एक साधा प्रयोग केला होता. रस्त्याचं तेच काळं पाणी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरातून गाळून घेतलं आणि त्यात मासे सोडले. न गाळलेल्या पाण्यातले मासे मेले. गाळलेल्या पाण्यातले जगले! वाळू आणि कंपोस्ट, म्हणजे आपल्या कुंडीत असते तीच माती की हो.

आणि हे वाचताना मला आपलं जुनं परसदार आठवलं. मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं अळू आणि केळ लावायची, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. त्या पाण्यावर अळू असं माजायचं, की शेजारीपाजारी वाटून उरायचं. सांडपाणी दारापासून दहा पावलांवर मातीला देऊन टाकायचं, ते ओढ्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता दुसऱ्या शहराकडे वळू. अमेरिकेतच मॅडिसन नावाचं तळ्यांचं शहर आहे. तिथली तळी हिरवी होऊ लागली, तेव्हा रस्त्यावर पडणाऱ्या पानांकडे लक्ष गेलं. चहाची पत्ती पाण्यात जशी उतरते, तशी भिजलेली पानंही उतरतात आणि त्यांतलं फॉस्फरस पाण्यात जातं. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खतच. रानात पानं मातीत कुजतात, तेव्हा ते मातीत राहतं. डांबरावर पडली की थेट तळ्यात. पानगळीच्या दिवसांत पाऊस यायच्या आधी रस्त्यावरची पानं उचलली, तर वाहून जाणाऱ्या पाण्यातलं फॉस्फरस ८० टक्क्यांहून जास्त कमी झालं, असं तिथल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे केर काढायची वेळ तेवढी बदलली!

हिरवं तळं म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचा रंकाळा आठवणारच. अंबाबाईच्या दर्शनाला गेलेली बाई रंकाळ्यावर भेळ खाल्ल्याशिवाय परतत नाही. या तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी शेतं होती. हळूहळू तिथं वसाहती झाल्या आणि त्यांचं पाणी नाल्यांतून रंकाळ्यात उतरू लागलं. मग कधी जलपर्णी, कधी हिरवा तवंग, कधी मेलेले मासे, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. सांडपाणी वळवायला वाहिन्या टाकाव्या लागल्या. कोल्हापूर एकेकाळी तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थ बुजवलं, तिथं मंडई आली. वरुणतीर्थ बुजवलं, तिथं गांधी मैदान झालं. पण पाणी आपली जागा विसरत नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात अजूनही तळं साचतं!

हे सगळं खरं, पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला मोकळेपणाने बोलायची आहे. ‘मातीचं अंगण किती छान’ असं म्हणणारे बहुतेक लोक ते झाडत नसतात. सडा घालायचा कुणी? सारवायचं कुणी? पावसाळ्यात घरभर उमटलेली चिखलाची पावलं पुसायची कुणी? आपणच ना! मातीचं अंगण म्हणजे रोजचा तासभर आणि कमरेचं दुखणं. म्हणून चार पैसे हातात आले की बाई पहिल्यांदा म्हणते, ‘अंगणात फरशी घालू या.’ त्यात तिचं काहीच चुकत नाही. पाणी वाचवायचं म्हणून बाईने पुन्हा कंबर मोडून सारवत बसावं, असं सांगणारा लेख मी लिहिणार नाही.

आमच्या घरी याच विषयावरून दोन पावसाळे वाद चालला होता. सासूबाई चिखलात पाय घसरून पडल्या, मनगटाला प्लॅस्टर लागलं. यजमानांनी लगेच गवंडी बोलावला. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकायचं, असं ठरत आलं. पण परसात आमचा आड आहे. मे महिन्यात गल्लीतली चार घरं त्याच्यावर पाणी भरतात. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, ‘अगं, सगळंच झाकलं तर आडाला पाणी येणार कुठनं?’ पडल्या त्याच, आणि आडाची काळजीही त्यांनाच!

शेवटी मधला मार्ग निघाला. फाटकापासून दारापर्यंत आणि दारापासून मोरी व तुळशीपर्यंत चांगली रुंद, खरखरीत फरशीची पायवाट केली. रोजचा वावर सगळा तिच्यावरून. बाकीच्या जागेत मुरूम दाबून वर बारीक खडी पसरली. चिखल नाही, सारवणं नाही, आणि पाणी मात्र मुरतं. गवंडी कुरकुरला, ‘ताई, उघडं ठेवलं की गवत उगवतंय, मग तुम्हीच वरडणार.’ गवत उगवतं, खरंच. दिवाळीच्या आधी एकदा उपटते. पण रोज सारवण्यापेक्षा वर्षातून एकदा गवत उपटणं मला परवडलं.

तुमच्या घरी काम निघालं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. पेव्हर ब्लॉक घालायचेच असतील, तर खाली काँक्रीटचा थर नको. खडी आणि वाळूवर बसवा आणि सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका. गाडी उभी राहायच्या जागेवर भोकं असलेले ब्लॉक मिळतात, त्यांत गवत वाढतं. अंगणाचा उतार गटारीकडे देण्याआधी एका वाफ्याकडे द्या. वाफा जरा खोलगट, आणि त्यात कर्दळ, अळू, केळ. जास्तीचं झालं तरच पुढे गटारीत जाऊ दे. पाणी दिवसभराच्या आत मुरायला हवं, साचून राहिलं तर डास होतील.

छताचं पाणी आडाला किंवा बोअरला द्यायचं असेल, तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा. नंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून मगच आत. अंगणातलं किंवा रस्त्यावरचं पाणी मात्र कधीही थेट विहिरीत सोडू नका. ते मातीतूनच गेलं पाहिजे. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करता येतो, फक्त तो विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डास घालवले, हे तुम्ही वाचलंच असेल.

रोजच्या दोन सवयी सांगते. केर काढून गटारीत लोटायचा नाही, पाऊस यायच्या आधी तर मुळीच नाही. पाला झाडाच्या बुंध्याशी टाका, तिथंच कुजू दे. आणि गाडीचं जुनं ऑइल, रंगाचे धुतलेले ब्रश, उरलेलं फिनेल गटारीत ओतू नका. गटार म्हणजे ओढ्याचंच तोंड.

आता शेवटची गोष्ट, उंबऱ्याबाहेरची. निवडणूक आली की उमेदवार विचारतात, ‘वहिनी, काय पाहिजे?’ आणि आपण सांगतो, ‘गल्ली काँक्रीटची करून द्या.’ मिळतेही. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कडेच्या झाडाच्या बुंध्यालाही सिमेंट! २०११ पासून महाराष्ट्रात नगरपालिका, नगर परिषदा आणि ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या वॉर्डाची सदस्य बहुधा आपल्यातलीच कुणीतरी असते, हळदीकुंकवाला भेटणारी. तिला दोनच वाक्यं सांगायची आहेत. गल्ली करा, पण दोन्ही कडांना हातभर माती मोकळी ठेवा आणि झाडाभोवतीचं सिमेंट काढा. आणि गावातलं तळं, ओढा किंवा पडकी बारव बुजवून तिथं सभागृह बांधायचा ठराव आला, तर आधी विचारा, ‘तिथलं पाणी मग जाणार कुठं?’

कामाचे ठराव पावसाळ्याआधी होतात आणि गवंडीही तेव्हाच मिळतो. या आठवड्यात एवढंच करा. टेप घेऊन आपलं अंगण मोजा, किती झाकलंय आणि किती उघडं आहे ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुणाकार तुमचा तुम्ही करा आणि तो आकडा घरात सगळ्यांना दाखवा. पुढचं बोलणं मग आपोआप निघेल.